माईंची दुपार

"युरोप चवीनं खायचा असतो, गिळायचा नसतो!" अप्पांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. अष्टविनायक दीड दिवसात उरकणारा माणूस हा! खरं कारण माईंचे गुडघे. म्हणून पॅरिस, ल्युसर्न आणि रोम एवढंच ठरलं आणि रोजची दुपार रिकामी ठेवली. "दुपारी लोळायला इतक्या लांब कशाला? इथे पलंग आहे की," माई म्हणाल्या.

ट्रिप झालीच नाही. त्याआधी माईच गेल्या.

वर्षश्राद्ध झाल्यावर मुलानं नकाशा पुन्हा उघडला. "अप्पा, आता व्हेनिस बसतंय. फ्लॉरेन्ससुद्धा. दुपारीपण फिरता येईल." जागा कशामुळे झाली, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. सून भरलेल्या ग्लासांत पुन्हा पाणी ओतू लागली.

अप्पांनी चष्मा पुसला. "घ्या की व्हेनिस. सकाळी मीही पळतो तुमच्याबरोबर. दुपारी मात्र मला एखाद्या बाकावर सोडून जा."

"एकटेच बसणार?"

"ती वेळ तिची आहे रे."

मुलानं नकाशाच्या कडेला लिहिलं: दुपार रिकामी.

"फक्त बाक सावलीतला बघ," अप्पा म्हणाले. "उन्हात बसलो की ती ओरडते."