उसनी चाल

ॲनिमेशन तो कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. जे काही येत होतं ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, घरच्या घरी गिरवलेलं. बाकी सगळं जमलं, पण त्याने बनवलेलं कार्टूनमधलं बदक काही केल्या जिवंत वाटेल असं चालेना. शेवटी त्याने एक युक्ती केली. कारखान्यात पाय अधू झालेले वडील गॅलरीत फेऱ्या मारायचे, तेव्हा मोबाइलवर गेम खेळतोय असं दाखवत तो आठवडाभर त्यांना चोरून टिपत राहिला, आणि ती लंगडी चाल त्याने जशीच्या तशी बदकाला दिली.

स्टुडिओत मुलाखतीला बदक पडद्यावर चालू लागलं आणि समोरचे तिघं पोट धरधरून हसले.

"ही चाल सुचली कुठून रे तुला?" मोठ्या साहेबांनी डोळे पुसत विचारलं.

"अशीच, डोक्यातून," तो म्हणाला. नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली.

घरी येऊन त्याने नोकरीचं सांगितलं, बदकाचा विषय मात्र शिताफीने टाळला. गुडघ्याला तेल चोळता चोळता वडिलांनी सहज विचारलं, "मग, आवडली का त्यांना आपली चाल?"

तो खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत राहिला.



"तू मोबाइल समोर धरलास ना, की मी मुद्दाम जरा जास्तच लंगडायचो. म्हटलं, पोराला नीट दिसू दे."