रजेचा अर्ज

मी मॅट्रिकनंतर शिकले नाही, पण इंग्रजी माझं फाडफाड होतं. पदवी ताईकडे होती. "माझी पदवी नाहीतरी ट्रंकेत कुजतेय. घेऊन जा, तेवढीच जग बघेल," असं म्हणत तिनं आपले सगळे कागद माझ्या हवाली केले. परदेशातल्या त्या शाळेत नऊ वर्षं मी ताईच्या नावानं इंग्रजी शिकवलं. कुणी त्या नावानं हाक मारली की आपसूक 'ओ' द्यायचे.

एका सकाळी शाळेत भावाचा फोन आला. ताई गेली होती.

मुख्याध्यापकांनी रजेचा अर्ज पुढे केला. "कोण वारलं, बाई?"

"बहीण. पाठची."

"तिचं नाव लिहा इथं."

ताईचं नाव वर, अर्जदार म्हणून आधीच लिहून झालं होतं. खाली मी माझं नाव लिहिलं.

भला माणूस. त्यांनी लगेच घंटा द्यायला लावली. सगळी शाळा मैदानात माना खाली घालून दोन मिनिटं माझ्यासाठी उभी राहिली. ताईसाठी उभी होते ती मी एकटीच, तीही ताईच्याच नावानं.