पाय न टेकता

थेनने खडकाच्या रंगाच्या पेंटचा डबा उघडला आणि चढणीवरच्या पहिल्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रश टेकवणार, तेवढ्यात मागे ब्रेक करकरले. लारू आत्या. वय अडुसष्ट, खुब्यात तीन स्क्रू, आणि बाई सायकलवर!

"आत्या, डॉक्टरने तुला काय सांगितलंय?"

"आधी तो ब्रश खाली ठेव."

अमेरिकेतल्या मोआबच्या या वाळूच्या खडकावर चाकोरी उमटत नाही. रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांमागून सायकल न्यायची, तोच रस्ता. गेल्या ऑक्टोबरात आत्या याच चढणीवर पडली, आणि वाट सांभाळणाऱ्या मंडळाने ठरवलं, जुने पट्टे खडकाच्या रंगाने झाकायचे आणि रस्ता पायथ्यावरून वळवायचा. वळणाचा नवा पांढरा पट्टा थेनने नुकताच ओढला होता. तो अजून ओला होता.

"तुझ्यामुळेच वळवतोय ना?" थेन म्हणाला. "उद्या आणखी कुणी पडलं म्हणजे?"

"पडले मी, हाड माझं मोडलं. आणि ठरवणार तुम्ही? मला विचारलं कुणी?"

ती चढायला लागली. अर्ध्यावर पाय टेकला. इथे पाय टेकला की चढण पार केली असं धरत नाहीत, पुन्हा खालून सुरुवात. आत्या खाली आली, पुन्हा चढली, पुन्हा टेकला. थेनला तिचा राग येत होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"बस झालं गं. या वयात हा हट्ट शोभतो का?"

"विशीत तरी कुठे शोभत होता!"

या खेपेला तिने सायकल बरीच मागे नेली आणि वेग घेऊन थेट त्याच्या ओल्या पट्ट्यावरून घातली. थेन ओरडला. ती थांबली नाही. तिची धाप ऐकू येत राहिली, मग तीही येईनाशी झाली.

थेन धावत वर निघाला. चाकाचे पांढरे ठसे पुसट होत सरळ चढणीवरून गेले होते. ऑक्टोबरात ती पडली होती ती जागा त्याला पक्की ठाऊक होती, त्यानेच तिला तिथून उचललं होतं. ठसे ती जागा ओलांडून पुढे गेले होते.

माथ्यावरून हाक आली, "थेन, इथले पट्टे फिके पडलेत रे! पांढरा डबा घेऊन ये वर."