मास्तरांचा टर्बो

मास्तर गॅरेजमध्ये आले तेच हट्टाला पेटून. आपल्या म्हाताऱ्या गाडीला टर्बो बसवायचाच, असं त्यांनी मिस्त्रीला बजावलं.

"अहो, पूर्वी वाऱ्यासारखी पळायची. दोन वर्षांमागे वळणावर भिंतीला धडकली, तुम्ही दुरुस्त करून दिलीत, आणि तेव्हापासून हिने मानच टाकलीये. चढावर पाय पार खाली दाबला तरी ढिम्म. काल एक सायकलवाला मला मागे टाकून गेला, आणि वर वळून हातही केला त्याने."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, ऑइल बघितलं, उगाचच दोन वायरी हलवल्या. मान वर करून मास्तरांकडे बघायचा त्याला धीर होईना.

"मास्तर, या इंजिनाने आयुष्यभर धाव धाव धावून घेतलंय. आता टर्बोने त्यात जास्तीची हवा कोंबली, तर जागच्या जागी मान टाकेल. नाद सोडा."

"मी यांना हेच सांगून दमले," मागे उभ्या असलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण माझं ऐकतील तर शपथ."

मास्तरांनी गाडीकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि चरफडत हात धुवायला मागच्या नळावर गेले. पाण्याचा आवाज सुरू झाला, तशा बाई मिस्त्रीच्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या,

"तुम्ही ॲक्सिलरेटरखाली बसवलेला तो लाकडी ठोकळा झिजलाय हो. आता बोटभर जाड बसवा. काल यांनी ती सायकल जवळजवळ गाठलीच होती."