आठवण म्हणून एक पुठ्ठा

“भोकं पाडलेले हे पुठ्ठे म्हणजे कॉम्प्युटरचे पूर्वज, आणि ते सोलापूरचे!” संग्रहालयाच्या उद्घाटनाला आयोजकांनी माइकवर सांगितलं तशा टाळ्या पडल्या. ते पुठ्ठे नरसव्वाच्या नवऱ्यानं मोराच्या चादरीसाठी बनवले होते; त्यातल्या भोकांप्रमाणे मागावरचे धागे उचलले जातात आणि नक्षी विणली जाते. पुठ्ठे मागावर चढायच्या आधीच कारखाना बंद पडला, मग नवराही गेला. एक पुठ्ठा हरवला तरी मोर बिघडतो, म्हणून तिनं दोऱ्यात ओवलेली अख्खी माळ या संग्रहालयाला दिली होती. “आता माग चालवून मोर दाखवतील की,” सोबतच्या लेकीला सांगत ती तिथल्या मागापाशीच थांबली. पाहुणे निघू लागले तेव्हा आयोजकांकडच्या एका मुलीनं रिबीन बांधलेला पुठ्ठा तिच्या हातात ठेवला. “घ्या आजी, आठवण म्हणून.” कोपऱ्यातला लाल आकडा नवऱ्याच्या हातचा होता. “बाकीचे कुठं हायत?” “पाहुण्यांना दिले. हा शेवटचा.” नरसव्वानं पुठ्ठा डोळ्यांसमोर धरला. भोकांतून फाटकाबाहेर जाणारे पाहुणे दिसले, प्रत्येकाच्या हातात एकेक पुठ्ठा.