चारची घंटा

अवनी ठोकळ्यांत रमलेली पाहून ऊर्मिला पाय न वाजवता उठली, तिची नजर चुकवून सटकली आणि पालकांच्या खोलीत येऊन बसली. दोन मिनिटं गेली असतील नसतील, तोच आत अवनीनं टाहो फोडला.

पाळणाघराच्या शिक्षिका फ्राऊ लिंडनर दारात आल्या. "असं चोरून जायचं नाही, फ्राऊ देवस्थळी. तिला सांगून जायचं."

"आमच्याकडे असंच जातात," ऊर्मिला पुटपुटली. खोटं नव्हतं. तिची आई तशीच जायची, सासूही. सांगून गेलं तर पोर रडणार, हे का कुणी सांगायला हवं?

मुलीला किटात, म्हणजे इथल्या जर्मन पाळणाघरात, रुळवायचा हा तिसरा आठवडा. दोन वर्षं घरी काढल्यावर ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात ऊर्मिलाला डॉक्टरेटसाठी जागा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं. शुक्रवारपर्यंत अवनी एकटी राहिली नाही, तर ती जागा दुसऱ्याला. प्राध्यापकांनी हे गोड शब्दांत, पण स्पष्ट सांगितलं होतं.

शेजारच्या बुटक्या खुर्चीत नादिर बसला होता. वर्षभरापूर्वी सीरियातून आलेला, मुलगा यामन अवनीच्याच गटात. बायकोची बेकरीत पहाटेची पाळी, म्हणून हा यायचा. दोघांचं जर्मन सारखंच लंगडं, त्यामुळे गप्पा छान जमायच्या.

"तर, आमच्या गावच्या मास्तरीणबाई तुमच्यासारख्या नव्हत्या," तो म्हणाला. "त्या सांगून यायच्या."

"कुठे?"

"हल्ला करायला."

ऊर्मिलानं डोळे पुसायचे थांबवले.

गावाच्या रस्त्याच्या टोकाला सैन्याचा नाका होता, नादिर सांगू लागला. तीस सैनिक, एक तोफ, एक तरुण अधिकारी. इकडे शाळेत मास्तरीणबाई आणि त्यांचे नऊ जण. कुणी न्हावी, कुणी प्लंबर. बंदुका दोन. प्लंबरनं नळाचे पाइप छपरावर असे काही मांडले होते, की नाक्यावरून वाटावं, यांच्याकडे केवढी सामग्री! रोज दुपारी चारला बाई शाळेची घंटा द्यायच्या. मग धुमश्चक्री. पंधरा मिनिटांत पिठाचं पोतं नाहीतर डिझेलचा डबा पळवून मंडळी पसार.

"आधी घंटा कशाला? शत्रूला सावध करायला?"

"रस्त्यावर पोरं खेळायची ना. ती घरात जायला हवीत." नादिरनं मान ताठ केली. "चार म्हणजे चार. एक दिवस चुकल्या नाहीत."

"आणि तुम्ही कुठे असायचात?"

"तिथेच. रस्त्याच्या टोकाला."

म्हणजे टेहळणीला, ऊर्मिलानं मनाशी जोडून टाकलं.

संध्याकाळी तिनं सासूबाईंना व्हिडिओवर घंटेची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "आई, माझ्या शेजारी एक खराखुरा लढवय्या बसतो."

"अगं बाई! म्हणजे मावळाच की," सासूबाई म्हणाल्या. "त्याला लाडू नेऊन दे. आणि त्या मास्तरीणबाईंचं ऐक."

बुधवारी ऊर्मिला अवनीसमोर उकिडवी बसली. "ममा जाते आता. तुमचं सफरचंद खाऊन झालं, की येते." अवनी रडली. पण सफरचंदाची शेवटची फोड संपली तेव्हा ममा दारात होती.

"एकदा वरून हुकूम आला," लाडू खाता खाता नादिर म्हणाला, "शाळा उडवा. अधिकाऱ्यानं अकरा गोळे सोडले. अकराच्या अकरा गावाबाहेरच्या कोरड्या तळ्यात!"

ऊर्मिला खळखळून हसली. "आंधळा होता की काय?"

"फार टिंगल झाली बिचाऱ्याची. वरिष्ठांनी तर रेडिओवर शिव्यांची लाखोली वाहिली. हातातला चहा गार झाला त्याचा."

गुरुवारी अवनी रडली, पण थोडंच. नादिर मात्र गंभीर होता. नऊतले दोघं गेले होते, असं त्यानं सांगितलं. न्हावी आणि त्याचा भाऊ. बाई त्या दिवशीही चारला आल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी घंटेच्या आतला पितळी लोलकच काढला आणि खिशात टाकला.

"चार वाजले. घंटा नाही. सव्वाचार. साडेचार. अधिकाऱ्याला राहवेना. बाईंना काही झालं तर नसेल? बंदूक ठेवली, हेल्मेट काढलं आणि निघाला बघायला. शाळेच्या भिंतीला वळसा घालतो, तर बाई समोर उभ्या. हातात घड्याळ. म्हणतात, अर्धा तास उशीर केलात."

"पकडला?"

"एक गोळी न झाडता." नादिरचा चेहरा असा फुलला होता, जणू पोरानं बक्षीस आणलंय.

"मग काय केलं त्याचं?"

तेवढ्यात फ्राऊ लिंडनरनी मुलं बाहेर आणली. गोष्ट तिथेच राहिली.

शुक्रवारी अवनीनं स्वतःच हात हलवला. "चुस, ममा! बिस आप्फेल!" सफरचंदापर्यंत. आणि वळलीसुद्धा. ऊर्मिला दाराबाहेर उभी राहून हसतही होती आणि रडतही होती. आत सगळं शांत होतं.

न्यायच्या वेळी नादिरबरोबर त्याची बायको आली होती. सल्मा. ठेंगणी, बाहीवर पीठ. यामन धावत तिला बिलगला, तसा तिच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजला. जुडग्यात बोटभर पितळी लोलक होता.

ऊर्मिला बघतच राहिली. "मास्तरीणबाई... तुम्ही?"

सल्मा लाजली. "ह्यानं सांगितलं वाटतं? फार हौस आहे ह्याला."

"माझी मुलगी तुमच्यामुळे राहिली हो! सोमवारी मी कामावर जातेय." ऊर्मिलानं तिचे दोन्ही हात धरले. "पण त्याचं पुढे काय झालं, ते सांगा ना. त्या अधिकाऱ्याचं. अकरा गोळे आणि एकही नेम नाही!"

सल्मानं हसू दाबत नवऱ्याकडे पाहिलं. तो गुडघ्यावर बसून यामनच्या बुटांची नाडी बांधत होता. कान लाल झाले होते.

"नेम चांगला होता माझा," तो मान वर न करता म्हणाला.