वरची

पाच वाजायला आले तसा तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिने शिलाई मशीनवरून मान वर केली नाही, पण टीप वाकडी गेली.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि गाणं सुरू झालं. तेच ते, 'कुणी आहे का'. आधी कुजबुज, मग रिकाम्या घराचं वर्णन आणि शेवटी गळ्याच्या शिरा ताणून मारलेली हाक. एकटेपणाचा इतका गाजावाजा दुसऱ्या कुठल्या गाण्यात नसेल. मूळ गायिकेला लोक विसरले, पण गाणं काही मरेना. जो उठतो तो ते आपल्या गळ्यातून काढतो. नवऱ्याच्या फोनमध्ये तेवीस जणांचं 'कुणी आहे का' होतं. त्यात एक घोगऱ्या आवाजाचा बाप्या होता, शाळकरी मुलींचा घोळका होता, कुणीतरी नुसतंच बासरीवर वाजवलेलं होतं. कानाला हेडफोन लावून तो एकामागून एक ऐकायचा आणि वहीत काहीबाही टिपायचा.

वर राहायला आलेल्या गाण्याच्या शिक्षिकेला ही दोघं घरात 'वरची' म्हणायची. तिला नाव विचारावं असं हिला कधी वाटलंच नाही. वरची एकटी होती, दिसायला बरी होती आणि तयार कपडे घालायची. एवढी माहिती हिला पुरेशी होती.

"अहो, चहा टाकू का?"

"बुधवारी येतो म्हणालाय."

"कोण?"

"प्लंबर. तूच विचारलंस ना?"

"लक्ष कुठे आहे तुमचं?"

तो वळून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. हल्ली ती बोलायला लागली की तो असाच टक लावून बघायचा. वीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"मन खात असलं की पुरुष असंच बघतो," धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं. "ताई, कुठेतरी पाणी मुरतंय. आधीच तो पियानोवाला, त्यात वर गाणारी!"

घरोघरचे पियानो सुरात लावून देणं हे त्याचं काम होतं. त्यातलीही दोन घरं त्याने काही कारण न सांगता सोडली होती. तो वेळ कुठे जातो हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

खरं दुखणं वेगळंच होतं. लग्नाआधी ऑफिसच्या कार्यक्रमात हेच गाणं हिने म्हटलं होतं. तिथला पियानो जुळवायला आलेला हा गडी काम संपल्यावरही शेवटपर्यंत थांबला होता. म्हणजे गाणं हिचं होतं. आता ते वरचीने घेतलं, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मशीन चालवता चालवता ती अजून ते गुणगुणायची. पण घरात ऐकायला होतं कोण?

शनिवारी तो बाजारात गेला असताना मशीनला तेल हवं म्हणून तिने त्याची हत्यारांची पिशवी उघडली. पान्यांच्या खाली वही सापडली.

'सोमवार. वरची आली, पण पुसट.'

पुसट म्हणजे काय, तोंड झाकून?

'गुरुवार. वरची आलीच नाही. दोनदा वाट पाहिली.'

गुरुवारी तर वरची दोन तास यांच्या डोक्यावर कोकलत होती. मग ती आली नाही ती कुठे? म्हणजे भेटायची जागा बाहेर ठरली होती तर!

'शुक्रवार. वरचीवाचून दिवस काढायची सवय करायला हवी. हिला कसं सांगू?'

तिने वही जागेवर ठेवली आणि तेल न घालताच जिना चढून वर गेली.

"तुमचे मिस्टर?" वरची हसली. "एकदाच आले होते, महिन्यापूर्वी. पाच वाजता खिडकी उघडी ठेवून गात जा म्हणाले."

"आणखी काय म्हणाले?"

"शेवटची हाक अजून चढवा म्हणाले. अगदी भान हरपून ऐकतात हो! मी गाणं संपवून खिडकी लावते, तरी हे आपले खाली उभेच. असा ऐकणारा नशिबाने मिळतो, वहिनी."

"नशीब माझंच," ती म्हणाली आणि जिना उतरली. आपण या बाईचा हेवा करतोय, हे तिला स्वतःशीसुद्धा कबूल करवेना.

रविवारी दुपारी बॅग भरून झाली. बहीण गाडी घेऊन खाली आली होती. तो दाराकडे पाठ करून खुर्चीत बसला होता, कानाला हेडफोन आणि मांडीवर वही.

"मी चालले," ती म्हणाली.

तो हलला नाही.

"माहेरी चालले. परत येणार नाही. वरचीला खुशाल खाली आणा."

त्याने मानसुद्धा वळवली नाही. वीस वर्षांच्या संसाराला एक शब्दही नाही! तिने पुढे होऊन हेडफोन खेचून काढला. तो दचकला.

"अगं, कधी आलीस?"

हेडफोनचा आवाज इतका मोठा होता की हातात धरूनही गाणं ऐकू येत होतं. 'कुणी आहे का'. गाणारी बाईच होती. ही चोविसावी. पण मागे कसली तरी घरघर चालली होती, मध्येच थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. दोन ओळी झाल्यावर तिला ते शिलाई मशीन ओळखू आलं. मग आवाजही ओळखू आला.

तिने त्याच्या मांडीवरच्या वहीत बघितलं. शाई अजून ओली होती.

'रविवार. वरची पट्टी दोन्ही कानांना ऐकू येईनाशी झाली. आता मधली चालली. हिचा आवाज मधलीत आहे.'